पाचव्या टेबलाची घंटी

१

बायको रुद्रम्मा गेल्या आणि शरणबसप्पांनी ताटाशी अबोला धरला. जन्मभर शेतात राबलेला माणूस. दोन भाकरी आणि वर तेल-चटणी उभ्या उभ्या रिचवणारा. पण आता चतकोर भाकरी दुधात कुस्करायची, दोन घास कसेबसे गिळायचे आणि ‘बास’ म्हणून हात धुवायचे, एवढंच त्यांचं जेवण उरलं होतं. सून जगदेवीनं सगळं करून पाहिलं. शेंगापोळी केली, उडदाचं घुटं केलं, सासूबाईंच्या हातासारखा कट जमवून पाहिला. आप्पा ताटाकडं बघायचे, मग समोरच्या मोकळ्या पाटाकडं बघायचे आणि उठायचे.

तिचा नवरा शिवानंद हैदराबादला नोकरीला, महिन्यातून एखादी चक्कर. घरी सून आणि सासरा दोघंच. मळ्यातल्या घरी म्हाताऱ्याला एकटं ठेवायला तिचा जीव धजेना, म्हणून ती त्यांना स्कूटीवर मागं बसवून नळदुर्गला आपल्या शिलाईच्या दुकानात आणू लागली. आप्पा दिवसभर मशीनशेजारी बसून हायवेवरचे ट्रक बघायचे.

त्याच हायवेच्या पलीकडं टायरचं एक जुनं गोदाम होतं. एक दिवस त्यावर पाटी लागली : ‘कोरिया खानावळ – शुद्ध शाकाहारी’. अख्खं नळदुर्ग हसलं. चालवणारी शिवप्रिया अणदूरकडची. चाकणच्या एका कंपनीत कोरियन साहेबांच्या स्वयंपाकघरात तिनं काही वर्षं काढली होती. तिथल्या कोरियन आचारीणबाईंनी तिला लेकीसारखं शिकवलं. त्या बाई मायदेशी परतल्या, आणि शिवप्रिया विद्या घेऊन गावाकडं.

एका गुरुवारी जगदेवीचा डबा घरीच राहिला. ती म्हणाली, “चला आप्पा, आज तिकडं बघू.”

दगडाच्या तापलेल्या वाडग्यात भात चुरचुरत आला. वर पालक, गाजर, मोड आलेलं कडधान्य, मधोमध लालभडक मसाला.

“हे काय म्हणायचं?” आप्पांनी विचारलं.

“बिबिमबाप, अज्जा,” शिवप्रिया आजोबांना म्हणाली.

“बिंबाप्पा? आमच्या चुलत्याचं नाव हाय की गं ते!”

शिवप्रिया पोट धरून हसली. आप्पाही हसले. आणि हसता हसता त्यांनी वाडगं संपवलं, तळाची खरपूड चमच्यानं खरवडून खाल्ली, कोबीच्या तिखट-आंबट किमचीची वाटी पुन्हा मागितली. जगदेवी तोंडाला पदर लावून नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि ते किमचीनं आलं असं सांगायची सोय होती.

२

त्यानंतर गुरुवार म्हणजे कोरिया खानावळ, हे ठरूनच गेलं. दुपारची गर्दी ओसरली, ट्रकवाले आणि कॉलेजच्या पोरी निघून गेल्या, की हे दोघं रस्ता ओलांडायचे. आप्पा बुधवारपासूनच खुशीत असायचे. काड्यांनी खायला ते हट्टानं शिकले. “बैलाच्या नाकात वेसण घालणाऱ्याला दोन काड्या काय जड हायत?” म्हणायचे आणि वाटाणा उचलून दाखवायचे. शिवप्रिया सवड काढून त्यांच्यासोबतच जेवायला बसू लागली. ती घास घेता घेता चाकणच्या गमती सांगायची, आप्पा तिला नांगरटीच्या सांगायचे. त्या गोदामात पंख्याचा घरघराट होता, फोडणीत लसणाबरोबर तिळाच्या तेलाचा वास होता, आणि जगदेवीला वाटायचं, आपल्या घरी पूर्वी असायची ती दुपार इथं येऊन राहिलीय.

खानावळीत चार टेबलं होती. प्रत्येकावर एक पांढरं गोल बटण. ते दाबलं की स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या डबीत ‘टिंग’ वाजायचं आणि टेबलाचा आकडा लाल उजळायचा. चाकणला एक हॉटेल बंद पडलं, तिथून शिवप्रियानं हा सेट आणला होता. आप्पांना त्याचं भारी कौतुक. पाणी नको असलं तरी दाबायचे.

एका गुरुवारी तिघं जेवत बसले होते. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ‘टिंग’ वाजलं.

“आले, आले,” शिवप्रिया सवयीनं उठली आणि मग थांबली. कुणाचाच हात बटणावर नव्हता. डबीत पाच उजळला होता.

“पाचवं टेबल कुठलं?” जगदेवीनं विचारलं.

“पाचवं न्हायच की.” शिवप्रिया गल्ल्याच्या खणातून प्लास्टिकची एक पिशवी काढून आली. त्यात पाचवं बटण होतं, सेल काढून ठेवलेलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. “ट्रकवाल्यांच्या रिमोटनं लागत असंल, अक्का. हायवेवर काय काय असतंय.”

जगदेवीला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. पण पुढच्या गुरुवारी ते पुन्हा वाजलं, आणि त्याच्या पुढच्याही. घाई नव्हती त्यात. एकदा वाजायचं आणि पाच तसाच उजळून राहायचा, जणू कुणी हात गुडघ्यावर ठेवून शिस्तीनं वाट बघतंय.

शेवटी आप्पाच म्हणाले, “अगं, वाजवतंय तर वाढ की त्याला. दासोह करणारी, आल्यागेल्याला जेवू घालणारी माणसं आपण. जेवायच्या वेळंला आलेल्याला कोण, कुठला, असं विचारायचं नसतं.”

शिवप्रियानं गंमत म्हणून मागच्या भिंतीलगत तांदळाची पोती सरकवली, घडीचं टेबल उघडलं, खुर्ची लावली. बिबिमबाप, किमची, चमचा, काड्या, सगळं रीतसर मांडलं. “घ्या पाहुणं,” ती हात जोडून म्हणाली.

डबीतला पाच विझला.

तिघं एकमेकांकडं बघून खो खो हसले.

३

निघताना जगदेवीनं सहज मागं पाहिलं. भिंतीलगतचं वाडगं रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हे, तळाची खरपूडही खरवडलेली.

तिनं आठवायचा प्रयत्न केला. भरलेलं वाडगं डोळ्यांसमोर होतं. रिकामं समोर होतं. मधलं काही नव्हतं. मांजर म्हणावं, तर मांजर किमची कशाला खाईल?

बाहेर पाऊल टाकलं आणि ती चपापली. ऊन उतरून गेलं होतं. किल्ल्याच्या बाजूला आभाळ तांबडं झालं होतं. दुकानापुढं मुलींच्या ड्रेसची मापं घेऊन आलेली बाई बसून बसून कंटाळून निघून गेल्याचं शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं. जगदेवीच्या हिशेबानं तर ती आत्ता जेवायला गेली होती, आत्ता परतली होती.

आणि गाल दुखत होते. दोन्ही गाल, कानापर्यंत. लग्नाच्या वरातीनंतर, बहिणींच्या घोळक्यात रात्रभर हसल्यावर दुखतात तसे.

“आप्पा, तुमचे गाल दुखतायत काय?”

“व्हय की,” आप्पा स्कूटीवर बसत खुशीत म्हणाले. “लई दिवसांनी दुखाय लागलेत.”

पुढचे काही गुरुवार असेच गेले. वाढायचं, पाच विझायचा, आणि मग संध्याकाळ. आप्पांच्या अंगावर मांस दिसू लागलं. घरी आता ते दीड भाकरी खायचे, रोपांना पाणी सोडायला पहाटे उठायचे, शिवानंदला फोन करून आपणहून बोलायचे. डॉक्टरांनी रक्तदाब बघून त्यांच्या पाठीवर थाप मारली. जगदेवीही दुकानात गुणगुणायला लागली होती. तिच्या लक्षात आलं नव्हतं, गिऱ्हाइकं सांगायची.

पण आपल्या आयुष्यातल्या दुपारी कुठं जातात, हे बाईमाणसाला कळायला नको? गॅस गळत असेल, त्यानं गुंगी येत असेल, असं वाटून तिनं शिवप्रियाला शेगडीची नळी बदलायला लावली. नळी बदलली. दुपारी जातच राहिल्या.

४

मग तिनं एक केलं. पुढच्या गुरुवारी जेवायला बसताना मोबाईल पाण्याच्या जगला टेकवून ठेवला, तोंड भिंतीलगतच्या टेबलाकडं करून, आणि चित्रीकरण सुरू केलं. कुणाला बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा बाहेर पेपर वाचत बसलेले असताना तिनं दुकानात बसून ते बघितलं.

टेबल, वाडगं, वाफ. बाजूनं तिघांच्या गप्पा. ‘टिंग’. शिवप्रियाचं “घ्या पाहुणं”. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि एकाएकी कडेनं एक हात आला आणि त्यानं मोबाईल अलगद पालथा घातला.

हातात हिरव्या बांगड्या होत्या. जगदेवीनं आपल्या मनगटाकडं पाहिलं. हात तिचाच होता.

चित्र काळं झालं. आवाज चालू होता. खुर्च्या ओढल्याचा आवाज. कुणीतरी जवळ सरकून बसलं, मग आणखी कुणीतरी. काड्यांची टकटक. मग आप्पांचा आवाज, मोकळा, तरण्या माणसासारखा. ते आपल्या लग्नाची गोष्ट सांगत होते : वरातीची गाडी ओढ्यात उलटली, नवरी चिखलात बसून हसायला लागली, आणि नवरदेवाला आयुष्यभराची काळजी मिटल्यासारखं वाटलं. सासूबाई गेल्यापासून याचं नावही त्यांनी काढलं नव्हतं.

मग जगदेवीनं स्वतःला गाताना ऐकलं. शाळेत असताना गायची, तशी. पूर्ण गाणं, एक कडवं न चुकता.

अंगावर काटा आला तो मात्र पुढं. गाणं संपल्यावर तिघं गप्प झाले. कुणी बोलायला लागलं की ऐकणारी माणसं गप्प होतात, तसे. त्या गप्पपणात काही नव्हतं. पंख्याची घरघरही नव्हती. हायवेवरचा एकही ट्रक नव्हता. मधूनच आप्पांचा हुंकार, “हं... हं... मग?” शिवप्रियाचं “अगंबाई!” पुन्हा ती पोकळी, लांबच लांब. आणि मग एकदम तिघंही हसत सुटले. इतके, की कुणाला तरी ठसका लागला, कुणीतरी टेबलावर थापा मारल्या.

“आणखी घ्या की थोडं,” मोबाईलमधली जगदेवी लाडानं म्हणत होती. “लाजू नका. घरचंच समजा.”

तिनं मोबाईल बंद केला.

५

तिनं जाणं बंद केलं. आप्पांना सांगितलं, खानावळीत रंगरंगोटी चाललीय.

गुरुवारी दुपारी आप्पा रस्त्यापलीकडं बघत बसले आणि तिनं आणलेल्या डब्यातली भाकरी तशीच राहिली. दुसऱ्या आठवड्यात दूध आणि चतकोर. गालफडं पुन्हा दिसायला लागली.

मग शिवप्रियाच दुकानात आली. जगदेवीनं तिला बाजूला घेऊन मोबाईलमधलं ते सगळं ऐकवलं. ऐकता ऐकता शिवप्रिया खाली बसली.

“मला वाटायचं शेगडीच्या धगीनं गाल आखडतायत,” ती हळू आवाजात म्हणाली. “अक्का, एक सांगू? एरवी ते वाजतच न्हाय. तुमी यायच्या दिवशीच. हे दोन गुरुवार तुमी आला न्हायसा, तरी वाजलं. मी वाढलं. पण पाच विझंना. संध्याकाळपर्यंत तसाच. अन् वाडग्याला हात लावलेला न्हाय. भात वाळून गेला.”

“मग टाकून दे ती डबी.”

“काल काढली होती भिंतीवरनं. मला एवढं रडू आलं, अक्का. कशासाठी, ते म्हायत न्हाय. आपल्यातलं कोणतरी उपाशी हाय असं झालं. पुन्हा लावली.”

आप्पा केव्हा दारात येऊन उभे राहिले, दोघींनाही कळलं नव्हतं.

“एकट्याला घास उतरत न्हाय,” ते म्हणाले. “ते मला इचारा.”

“आप्पा, ते कोण हाय ते आपल्याला ठावं न्हाय. आपल्याला काय आठवत न्हाय. ते आपल्याकडनं काय घेतंय, काय न्हाय...”

“काय घेईल? दुपार घेईल.” आप्पा स्टुलावर बसले. “जगदेवी, तुझी सासू गेल्यापासून माझ्या दुपारी कुणी घेत नव्हतं गं. पडून होत्या नुसत्या.”

पण ती शिंप्याचं काम करणारी बाई होती. न बघता शिवण घालायची तिला सवय नव्हती.

६

त्या गुरुवारी ती गेली, पण ब्लाउजच्या काठात एक सुई खोचून. पाच विझला की सुई अंगठ्यात रोवायची आणि दाबून धरायची. दुखत राहिलं की शुद्ध राहील.

आप्पा नव्या धोतरात होते. शिवप्रियानं काकडीची किमची खास केली होती. ‘टिंग’ वाजलं, आणि का कोण जाणे, आज त्या आवाजात घाई होती.

“घ्या पाहुणं,” शिवप्रिया म्हणाली. तिचा चेहरा आनंदलेला होता.

पाच विझला. जगदेवीनं टेबलाखाली सुई अंगठ्यात घुसवली.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज गेला. रस्त्यावरून टँकर गेला, मुका. समोर आप्पांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, दिवेलागणीला घर उजळावं तसा. ते उजवीकडं सरकले, कुणाला तरी जागा करून देत. शिवप्रियानं चौथी खुर्ची ओढली. दोघं त्या खुर्चीकडं बघत होते, आणि त्यांच्या नजरा रिकाम्या जागेवर लावलेल्या नजरा नव्हत्या. एका उंचीवर स्थिर होत्या. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

जगदेवीनं मान वळवायला सुरुवात केली. मानेत वजन भरलं होतं. तिनं सुई आणखी दाबली. हाडाला लागल्यासारखी कळ आली, आणि त्या कळेच्या जोरावर तिला दिसलं.

पाठीचा एक भाग. वाकलेला, जेवणात रमलेल्या माणसाचा. तिथं कापड होतं की कातडी, ते कळलं नाही. रंग दुपारच्या सावलीचा. ते हसत असावं, कारण हलत होतं. आणि त्याच्या कडेनं पलीकडची भिंत दिसत होती, पण जरा दूर, असायला हवी त्यापेक्षा फार दूर, जणू त्याच्यामागं गोदाम संपतच नव्हतं.

मग ते हसायचं थांबलं.

त्याला कळलं होतं. रागावलं नाही ते. हे तिला पुढं कितीही वेळा आठवलं तरी पक्कं सांगता आलं. ते तिच्याकडं वळू लागलं आणि त्याचा चेहरा दिसायच्या आत टेबलाखाली तिच्या हाताला हात लागला. कोमट, कोरडा. त्यानं तिची मूठ एकेक बोट करून उलगडली. लेकराच्या पायातला काटा काढावा तितक्या हळुवारपणे तिच्या अंगठ्यातली सुई काढून घेतली. दुखलं नाही.

तिला रडूच फुटावं, इतकं बरं वाटलं. आणि त्याच वेळी आतून कुणीतरी ओरडत होतं, बघू नको, बघू नको.

मग ती स्कूटी चालवत होती. संध्याकाळचा वारा तोंडावर येत होता. मागं आप्पा मोठ्यानं हसत होते, कशावर ते त्यांनाही सांगता येईना. तिनं अंगठा पाहिला. भोक नव्हतं, रक्त नव्हतं. ब्लाउजच्या काठात सुई नव्हती.

७

“जगदेवी,” घरी आल्यावर ओसरीत टेकत आप्पा म्हणाले, “आज आपण कुणाला तरी जेवाय बोलावलंय काय गं? असं उगाच मनात येतंय.”

“कुणाला?”

“तेच आठवंना. रविवारच्या दुपारचं म्हणालो बहुतेक. बोलवायला तूच पुढं होतीस.”

जगदेवीला काही आठवत नव्हतं. पण शनिवारी संध्याकाळी तिनं गहू भिजत घातले, तेव्हा कुणी सांगावं लागलं नाही. रविवारी सकाळी शिवप्रिया फाटकाशी उभी, हातात किमचीची बरणी.

“मला पण बोलावलंय न्हवं?” तिनं विचारलं, आणि तिच्या तोंडावर भीती आणि हसू एकाच वेळी होतं.

“बोलावलंयच,” जगदेवी म्हणाली. बोलताना तिला खात्री होती.

दोघींनी मिळून स्वयंपाक केला. गव्हाच्या खिरीत, हुग्गीत, गूळ पडला आणि घरभर वास सुटला. आप्पांनी आपणहून ओसरी झाडली, पाण्यानं घंगाळ भरून दारात ठेवलं, वर तांब्या ठेवला. सासूबाई गेल्यापासून या घराला आज पहिल्यांदा सणाचं तोंड आलं होतं. चुलीपुढं बसलेल्या जगदेवीला भीती होतीच. ती पोटात गारगोटीसारखी होती. पण तिच्याभोवती एवढी ऊब होती की गारगोटीही तापायला लागली होती.

ऊन माथ्यावर आलं. मळ्यातल्या विहिरीवरची मोटार बंद झाली. मग पाखरांचा आवाज थांबला. मग वाऱ्याचा. तुरीची झाडं हलत होती, मुकी.

शिवप्रियानं जगदेवीचा हात धरला.

दारात तांब्या घंगाळात बुडाल्याचा आवाज आला. पायांवर पाणी पडल्याचा. एकदा. मग पुन्हा, सावकाश, दुसऱ्या पायावर.

“बर्री, बर्री, या,” आप्पांनी ओसरीतून हाक दिली. त्यांच्या गळ्यात एवढं सुख जगदेवीनं कधी ऐकलं नव्हतं. “अगं, आले बघ. वाढा!”

जगदेवीनं डोळे पुसले, आणि उंबऱ्याकडं न बघता चौथा पाट मांडला.